खिडकीजवळच्या जागेवरून काढलेली घागर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतोय... पण लिहिणार. जे झालं ते कागदावर आहे.

परभणीत एका कला महाविद्यालयात मी वस्तुचित्र शिकवतो. लॉकडाऊनमध्ये स्टुडिओ रिकामा होता, तरी मी हट्टाने रोज तिथूनच ऑनलाइन तास घ्यायचो. मधोमध वस्तू मांडायच्या, मोबाईल स्टँडला लावायचा, मुलांनी घरी स्क्रीनवर बघून काढायचं. एरवी आमच्या वर्गात प्रत्येकाची जागा वर्षभर ठरलेली असते. कोन बघून चित्र कुणाचं ते मी नाव न वाचता सांगतो.

त्या दिवशीचं चित्र वर्षाच्या गुणांसाठी होतं. घरून आणलेली तांब्याची घागर, भोपळा आणि निळं कापड मांडलं. तास संपल्यावर चित्रांचे फोटो आले. जिंतूरकडच्या खेड्यातल्या रूपालीचं बघून माझा पाराच चढला. कोनच वेगळा! घागरीला मागून पोचा पडलेला, शेजारी चहाचा ग्लास. लगेच फोन लावला.

"जयभीम सर."

"जयभीम. स्क्रीनवरचं सोडून हे काय मनाचं काढलंस?"

"मनाचं न्हाई सर. खिडकीजवळ माझी जागा हाय ना, मला तिथूनच दिसायलंय. तो ग्लास पण चित्रात धरायचा का, इचारणारच होते तुमाला."

मी उठून तिच्या जागेवर जाऊन बसलो. घागरीमागे माझा अर्धा प्यालेला चहा... तासाआधी ठेवून विसरलेला. आणि पोचा — घरचीच घागर, पण तो मलाही माहीत नव्हता. तसाच उठलो. रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. मोबाईल जागचा हललेला नाही, ग्लास कुठेच दिसत नाही.

विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "कोन जुळत नाही, म्हणजे समोर बघून काढलेलंच नाही. बाद करा." बाद म्हणजे रूपालीचं वर्ष गेलं. आणि तिच्या घरी आधीच चाललं होतं, फोनवर कसलं आलंय शिक्षण, सोडून दे. मी तिला विचारलं, परत काढतेस का?

"न्हाई सर. दिसलं तेच काढलंय. आता खोटं कशाला काढू?"

पोरीचा मला लय अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही.

तिला ते कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही. पुढे सगळी मूळ चित्रं पोस्टाने आली. प्रत्येक चित्रामागे कॉलेजचा शिक्का मारायचा असतो, 'माझ्या समक्ष वर्गात काढले', त्याखाली शिक्षकाची सही. बाकी सगळ्यांच्या चित्रांवर मी 'वर्गात' हा शब्द खोडला. रूपालीच्या चित्रावर तो तसाच ठेवला, आणि मॅडमच्या समोर सही केली.