आगाऊ नमस्कार

कानिफनाथ सर पंकजाला पहिल्यांदा भेटले ते हवेत. श्रीरामपूरच्या स्टँडवर जामखेडची गाडी लागली, सरांनी दाराच्या दांडीला हात घातला, इतक्यात मागून काहीतरी आलं आणि सर उडाले. किती उडाले याबद्दल मतभेद आहेत. सरांच्या म्हणण्यानुसार वरून त्यांना प्रवरेचा कालवा लांबपर्यंत दिसला, साखर कारखान्याच्या चिमणीशी नजरानजर झाली, आणि ते खाली येईपर्यंत समोरच्या पपईवाल्यानं भाव उतरवला होता. त्याच्याच गाड्याखाली ते सापडले, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

ते 'काहीतरी' म्हणजे पंकजा. जामखेडकडच्या ऊसतोडीवाल्यांची पोर, शिकायला श्रीरामपुरात मावशीकडे राहिलेली, उंचीनं सरांच्या खिशाच्या पेनापर्यंत. दारात अर्धा तालुका लोंबकळत होता. तिनं खिडकीतून रुमाल टाकला, खांदा खाली घातला आणि त्या गर्दीतून अशी आत गेली की लोकांना ती गेल्यावर कळलं. जागेवर बसली, आणि बसल्यावर तिला आठवलं की वाटेत कुणाला तरी पाय लागलाय. झालं! जागा सोडून पोर खाली उतरली, पपईच्या गाड्याखाली वाकली, सरांच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "काका, पाय लागला तुमाला."

परत जाते तर जागेवर एक आजी कोंबडीसकट बसलेली. नगर येईस्तोवर सर आणि पंकजा शेजारी शेजारी उभे होते, आणि तेवढ्यात सरांनी तिला संघात घेऊन टाकलं होतं.

हा संघ रोलर डर्बीचा. सर एका शाळेत खेळ शिकवायचे. हा खेळ त्यांनी मोबाईलवर पाहिला आणि त्यांना वेडच लागलं. खेळ सोपा आहे. पायाला चाकं लावून गोल फिरायचं. दोन्ही संघांत एकेकीच्या शिरस्त्राणावर चांदणी असते. चांदणीवालीनं समोरच्या पोरींची भिंत फोडून पुढं जायचं, आणि मग प्रत्येक फेरीत जितक्या जणींना मागं टाकाल तितके गुण. थोडक्यात एसटीचं दार, फक्त आत जागा नाही. सराव मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये चाले. मुहूर्त असला की सुट्टी.

पंकजा महिन्याभरात अख्ख्या संघाला आवरेनाशी झाली. दोष एकच. पाय लागला की थांबायची, वाकायची, हात लावायचा, कपाळाला न्यायचा, मगच पुढं.

"अगं, हा खेळच पाय लागायचा आहे!" सर ओरडायचे.

"सर, आमी कोयत्याला पाय लागला तरी हात लावतो. ही तर मानसं हायेत."

पुण्याला राष्ट्रीय संघाची निवड झाली तेव्हा तिनं सगळ्यांच्या भिंती फोडल्या आणि सगळ्यांना नमस्कारही केले. समितीतले वैजनाथराव म्हणाले, "मुलगी चपळ आहे, पण मध्येच पूजा घालते." आणि चांदणी मिळाली धनश्रीला, जी योगायोगानं वैजनाथरावांची भाची होती.

जामखेड पेटलं. खेळ कुणालाच माहीत नव्हता, पण अन्याय माहीत होता. चौकात रास्ता रोको झाला. पहिल्या वक्त्याचं भाषण अर्ध्यावर पाण्याच्या टँकरकडे वळलं, दुसऱ्याचं त्याच टँकरमागून कांद्यावर गेलं. पंकजाची आई छबूबाई मात्र रस्त्यात ठाण मांडून बसली. "माजी पोरगी वाकती म्हनून काढली व्हय? वाकायला आमीच शिकवलंय. मला काढा!"

शेवटी वैजनाथराव नमले. पंकजाला राखीव म्हणून घेतलं, पण अट घातली: खेळताना एकदा जरी वाकली, तर पुन्हा निवड नाही. सरांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून त्यांची झोप गेली.

स्पर्धा होती मनिलाला. वैजनाथराव संघाचे प्रमुख म्हणून गेले, आणि पंकजाला सांभाळायला सर. भारत पहिला सामना हरला, दुसरा हरला, तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटचा सामना यजमानांशी. जो हरेल तो स्पर्धेत शेवटचा. आदल्या दिवशी धनश्रीचा घोटा मुरगळला.

"मामा, पंकजाला उतरवा," लंगडत ती म्हणाली. "आणि तोंड पाडू नका. मलासुद्धा ती आवरत नाही."

पंकजाचं तोंडही पडलेलंच होतं. "सर, पाय लागला आन् वाकले न्हाई, तर माजं मन मागंच राहील. मग पळंल कोन?"

सरांनी छबूबाईला फोन लावून पंकजाच्या हातात दिला. छबूबाई फडावर होती, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आदीच करून टाक की! कुनाकुनाला पाय लागनार त्ये ठावं हायच."

सामन्याआधी पंकजा यजमानांच्या बाकाकडे गेली आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकीच्या गुडघ्याला हात, हात कपाळाला. यजमानांना वाटलं हा भारताचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याही उठून वाकायला लागल्या. एकीनं चॉकलेट दिलं.

"हे वाकणं धरायचं का?" वैजनाथराव पुटपुटले.

"खेळ सुरू कुठं झालाय साहेब?" सर म्हणाले.

मग पंकजा सुटली. पाय लागत होते, खांदे लागत होते, ती मागं बघत नव्हती. सगळ्यांचा हिशेब आधीच चुकता होता! शेवटच्या डावात भारत एका गुणानं मागे होता. पंकजा भिंत फोडून बाहेर पडली, गोल फिरून पुन्हा आली. समोर दमलेल्या चार जणी. सर खुर्चीवर उभे राहिले. वैजनाथराव सरांच्या खांद्याला धरून उभे राहिले. आतल्या कडेनं पंकजाला फट दिसली, ती तिकडे वळली, आणि कडेला चाकांवर धावणाऱ्या पंचाच्या पायाला तिचा पाय लागला.

पंकजा थांबली. वाकली. पंचाच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला. पंच गोंधळून शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात यजमानांची चांदणी मागून आली आणि भारताच्या सगळ्या पोरींना ओलांडून निघून गेली. वेळ संपली.

"अगं, तो पंच होता!" सर खुर्चीवरूनच ओरडले.

"व्हय सर," पंकजा धापा टाकत म्हणाली. "त्यांचाच तेवढा ऱ्हायला हुता."

भारत स्पर्धेत शेवटचा आला. पंकजाची पुन्हा निवड झाली नाही.