जळकोटच्या माळावर खरा आपटा शोधताना

१८ जानेवारी, रविवार. सकाळच्या एसटीने लातूरहून उदगीर, तिथून दुसऱ्या बसने जळकोट. संध्याकाळी परत.

यजमानांना जाऊन वर्ष झालं. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून मिळतो तो बहुतेक कांचन असतो, हे ते दरवर्षी सगळ्यांना ऐकवायचे. दारात खरा आपटा लावायचा म्हणायचे, ते राहून गेलं. म्हणून बिया आणायला मीच निघाले. जळकोटजवळ माझी धाकटी नणंद कुसुम राहते. "आमच्या गावात हाय आपटा, या," असं तिने फोनवर सांगितलं होतं.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. पोहे-चहा उदगीरलाच उरकून घ्या. पुढे मुरमाड टेकड्या लागतात.

कुसुमने थेट देवळामागच्या झाडाखाली नेलं. "घ्या वहिनी. समदं गाव इथूनच सोनं लुटतंय."

पानं तळहाताएवढी, मऊ. शेंगा चपट्या, काही तडकून पिळवटलेल्या.

"कुसुम, हा कांचन आहे."

"काहीबी काय! सरपंचबी हीच पानं वाटतेत."

"वाटू देत. तरी कांचनच."

ती हसतच सुटली. "म्हणजे इतकी वर्षं आमी नकली सोनं वाटायलोत! दसऱ्याला दादा कधी इकडं आला न्हाई म्हणून वाचलो. झाडाखालीच भांडला असता!"

मलाही हसू आलं. मग माळावर चढलो. आपट्याला अशीच कोरडी, खडकाळ जागा लागते. चप्पल नको, बूट घाला.

वर एक बुटकं, वाकडं झाड दिसलं. साल काळपट, खरबरीत, फांद्या खाली झुकलेल्या. पानं कांचनासारखीच मधे दुभंगलेली, पण लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद. शेंगा काळ्या, फुगीर, वाळूनही न उकललेल्या.

"ह्यो? ह्याच्याकडं तर आमी बघतबी न्हाई," कुसुम म्हणाली. मग हळूच, "नक्की ना, वहिनी?"

"नक्की."

बऱ्याच दिवसांनी मी एखादी गोष्ट इतक्या ठामपणे बोलले. कुसुमने पदर पसरला आणि आम्ही शेंगा तोडल्या. जेवायला तिच्याकडे हुरडा, भाकरी आणि झणझणीत ठेचा होता.

तुम्हाला जायचं असेल तर उन्हाळ्याआधी जा, नंतर पानं गळतात आणि ओळख पटत नाही. झाड कांचनाइतकं देखणं नाही. वाढतंही सावकाश. माझ्या दारात कधी उभं राहील, रुजेल तरी का, माहीत नाही.

घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून शेंगा फोडल्या. बिया वाटीत काढल्या, त्यांवर गरम पाणी ओतलं आणि रात्रभर भिजायला झाकण ठेवलं.