एक सूत राह्यलं

जीपखालून आधी भाऊंचे पाय बाहेर यायचे, मग बनियन आणि सगळ्यात शेवटी ऑइलने काळं झालेलं तोंड. नीट उठून बसायच्या आत ते अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून मधली फट मला दाखवत. “एक सूत राह्यलं, बाई.” सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. त्या एका सुतापायी या माणसाने मला किती छळलं, ते माझं मला माहीत.

मी उपकेंद्रातली नर्स. आमचं गाव सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून. उपकेंद्राच्या कुंपणापलीकडे भाऊंचं अंगण. घरचा धंदा तलावातल्या मासळीचा, जीव मात्र त्या जुन्या जीपमध्ये. गावापुढे नाला आणि नाल्यापलीकडे तीन वस्त्या. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स नाल्याच्या अलीकडेच थांबायची. पलीकडून दिवस भरलेली बाई आणायची तर भाऊंची जीपच लागायची. त्यासाठीच त्यांनी चाकांवरच्या कमानपाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, जास्तीच्या पट्ट्या घालून ती चार इंच वर उचलली होती. चढायला मला स्टूल लागायचं.

उचललेल्या गाडीला एक दुखणं जडतं. ते मला काही गरज नसताना पाठ झालं आहे, तर तुम्हीही ऐकून घ्या. गिअरबॉक्सच्या मागे एक डबा असतो, तो इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देतो. त्या डब्यातून एक दांडा मागे निघतो आणि त्याला चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट जोडलेला असतो. गाडी उचलली की हा शाफ्ट तिरका पडतो आणि सगळी गाडी थरथरते. भाऊंनी उपाय काढला तो असा, की डब्यातून निघणारा दांडाच कापून आखूड करायचा. मग मागचा शाफ्ट तेवढा लांब करता येतो आणि त्याचा तिरकेपणा कमी होतो. हे सगळं घरी, अंगणात, चिंचेच्या झाडाखाली.

हे काम काढलं कधी? पावसाला पंधरा दिवस उरले असताना. आणि पलीकडच्या वस्तीतल्या एका पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते. पोर अंगाने लहानखुरी, तिचं बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं होतं. आधीच अलीकडे येऊन राहा म्हटलं, तर तिची सासू पेरणीच्या तयारीचं कारण सांगायची. म्हणजे सगळी भिस्त जीपवर, आणि जीप लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली.

दांडा कापायला सरळ वडसा गावच्या लेथवाल्याकडे, म्हणजे लोखंड यंत्रावर फिरवून कापणाऱ्याकडे न्यावा की नाही? नाही. भाऊंनी गाडीचीच लेथ केली. मागची चाकं अधांतरी, इंजिन सुरू, गाडी गिअरमध्ये, दांडा गरागरा फिरतोय आणि खाली पडून भाऊ त्याला कटर लावतात. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून त्यांच्या घरच्या बाई बसलेल्या, हातात भाजीचा झारा तसाच. मी कुंपणाजवळून ओरडले, हात तुटला तर मी शिवणार नाही. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मग शाफ्टचा जोड बसवायला त्याच फिरत्या दांड्याच्या टोकाला भोक पाडून झालं, आतून आटे पाडून झाले. चार दिवस गेले. रोज विचारलं की तेच, एक सूत.

लांब करायच्या शाफ्टचं माप जाळ्याच्या दोरीला गाठ मारून घेतलं. गाडीची चाकं जमिनीवर टेकवून, चांगलं तीनदा घेतलं. दोरी खिशात घालून शाफ्ट वाढवून आणायला वडशाला निघालेले भाऊ फाटकातून परत फिरले. रिकामी जीप नाल्याले काय कामाची, म्हणाले. माणसं बसली की मागचा भाग दबतो आणि माप बदलतं. तेव्हा माप भरल्या गाडीचंच हवं.

त्या दिवशी नेमकं लसीकरण होतं. उपकेंद्राच्या ओट्यावर पोरं मांडीवर घेतलेल्या पंधरा-वीस बाया. त्यांच्यादेखत भाऊंनी जीपमध्ये धानाची दोन पोती टाकली, पुढे आपल्या घरच्या बाईंना बसवलं, कडेला आमच्या आशाताईंना बसवलं आणि माझ्याकडे वळले. “तुमी मांगं झोपा, बाई. पाय दुमडून, डिलिव्हरीची बाई झोपते तशा.”

मी झोपले. का झोपले, कोण जाणे. लवकर सुटका व्हावी म्हणून असेल. ओट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, एक पोरगं मला पाहून रडायला लागलं. मी छताकडे बघत तोंडाचा पट्टा सोडला. नाला आज-उद्या भरेल, त्या पोरीला काही झालं तर ते पाप तुमच्या दांड्याच्या माथी, थोडीशी थरथर राहिली असती तर काय बिघडलं असतं, चालत तर होती ना गाडी!

पत्र्याखालून, बरोबर माझ्या पाठीखालून भाऊंचा आवाज आला. “मांगच्या साली थे बाई गाडीतून उतरून पायदल चालली. तुमाले आठवते का?”

मला आठवलं. कळा सुरू असलेली बाई थरथर सोसवेना म्हणून म्हणाली होती, भाऊ, थांबवा, मी पायानं येतो. नाल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत ती माझा खांदा धरून चालली होती. तिचं बाळंतपण नीट झालं, म्हणून मी ते विसरूनही गेले होते. मला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर मी हलले नाही.

लसीकरणानंतर सहाव्याच दिवशी नाल्याला गुडघाभर पाणी आलं आणि सातव्या दिवशी सकाळी पलीकडून निरोप आला. जीप आदल्या संध्याकाळी जोडून झाली होती. पोर मागे झोपलेली, मी खाली तिच्याजवळ. नाला ओलांडून गाडी रस्त्याला लागली, तेव्हा दोन कळांच्या मधे तिचा चक्क डोळा लागला. मी भाऊंना सांगणार होते, शाबासकी देणार होते. ते मान तिरकी करून गाडीचा आवाज ऐकत होते. म्हणाले, अजून एक सूत आवाज हाय. मी कपाळावर हात मारला.

पुढे नाल्यावर पूल झाला. ॲम्ब्युलन्स थेट वस्त्यांपर्यंत जाऊ लागली आणि जीप चिंचेखाली उभी राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. नवी कोरी ॲम्ब्युलन्स दारात आली, मी सोबत बसले. चंद्रपूरच्या वाटेवर त्यांनी स्ट्रेचरवरून हात खाली सोडला आणि तळवा गाडीच्या फरशीला लावला. “शाफ्ट थरथरून राह्यला, बाई. इथी मांगं कोनी झोपून पाह्यलं नसन.”

मी वैतागून म्हटलं, गप पडा आता, बोलू नका. त्यांनी बोलणं थांबवलं आणि दोन बोटं जवळ आणून मला तेवढी फट दाखवली.

तिसऱ्या दिवशी ते तिथेच गेले. त्यांना दवाखान्यात पोहोचवलं त्याच दिवशी मी एकटीच रिकाम्या ॲम्ब्युलन्समधून परतले होते. वाटेतलं मूल गाव ओलांडल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी त्या स्ट्रेचरवर पाय दुमडून झोपले आणि हात खाली सोडला.

थरथरत होती.