दोघांचाच फोटो

फोटोच्या दुकानात माझ्यापुढे एक नवी सून आणि तिची सासू उभ्या होत्या. मुलगा परदेशात, तिकडचा नागरिक झालेला. आता बायकोला न्यायचं, तर व्हिसाच्या अर्जासोबत लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवायचे होते.

"काकू, दोघांचेच द्या ना," मोबाइल बघत दुकानदार म्हणाला. "ह्यात तर सगळं गाव आहे."

"पंधरा दिवसांची रजा, घर पाहुण्यांनी भरलेलं. दोघांना एकटं सोडलं कुणी?"

खरंच, प्रत्येक फोटोत मध्ये कुणीतरी होतं. आपल्याकडे एवढी माणसं उभी राहिली की लग्न खरं ठरतं. परक्या देशातल्या साहेबाला मात्र नेमकी तीच आड येत असणार.

सुनेने एक फोटो पुढे केला. पंगतीत आत्याबाई हसत होत्या आणि त्यांच्या मागे नवरा तिच्या पानातलं वांगं उचलून स्वतःच्या पानात घेत होता. कॅमेऱ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

सासूने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"तुला वांगं आवडत नाही? मला कधी बोलली नाहीस."

"त्यांना सांगितलं होतं," सून म्हणाली.