‘सहमत’ का?

अंबादास खोब्रागडे भंडाऱ्याहून दिल्लीला आले, एका मंत्रालयात डिस्पॅचला, म्हणजे टपाल रवाना करायच्या कामाला, लागले आणि पस्तीस वर्षांनी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत त्यांचा कुणाशी वाद झाला नाही. फाइल समोर आली की ‘पाहिले. सहमत.’ एवढंच लिहून ते सही करत.

निवृत्तीनंतर मुलगी समता हिच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून त्यांनी इतिहासाच्या ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. अभ्यास गटानं करायचा होता. त्यांच्या गटात दिल्लीतच वाढलेली सुरुची होती आणि स्पर्धा परीक्षेसाठी बीडहून आलेला हणमंत. शिवाय ‘सोबती’.

“हे सोबती कोण? आडनाव नाही लिहिलं,” अंबादासांनी विचारलं.

“बाबा, तो माणूस नाही. सॉफ्टवेअर एजंट आहे. गटातली चर्चा वाचतो, कुणी गप्प बसलं की त्याला बोलतं करतो.”

“एजंट? म्हणजे पॉलिसी गळ्यात मारणार!”

गटानं मिळून लिहायच्या निबंधाला विषय मिळाला पानिपतच्या पराभवाची कारणं. सुरुचीनं लिहिलं, ‘रसद संपली म्हणून हरलो. रसद म्हणजे राशनच ना, यार?’ हणमंतानं काहीच लिहिलं नाही. अंबादासांनी सवयीनं लिहिलं, ‘पाहिले. सहमत.’

लगेच सोबतीचा प्रश्न आला: ‘अंबादासजी, आपण सहमत का आहात?’

अंबादासांनी चष्मा काढून पुसला. “समता, हा मला कारण विचारतोय! पस्तीस वर्षांत सेक्रेटरीनं विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी रिमाइंडर आला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. अंबादासांनी रीतसर अर्ज टाईप केला: ‘प्रकृती ठीक नसल्याने दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी.’ उत्तर आलं: ‘रजा देण्याचा अधिकार मला नाही. कृपया गटाला विचारा.’ सुरुचीनं तत्काळ कळवलं, ‘काका, बिल्कुल नाही.’

रजा नामंजूर झाल्यावर अंबादासांनी पुस्तकं काढली. वाचता वाचता त्यांच्यातला जुना डिस्पॅचवाला जागा झाला. फौज इकडे अडकलेली, वाटा शत्रूनं अडवलेल्या, पत्रं जाईनात की येईनात. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘असहमत’ हा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन पानं. नुसती रसद नव्हे, टपाल तुटलं म्हणून घात झाला, असं त्यांचं म्हणणं. सुरुचीनं हरकत घेतली, “उपाशी माणूस पत्र वाचून लढणार का?” त्यावर त्यांनी आणखी तीन पानं लिहिली. जेवण निवलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

आठवड्याच्या शेवटी सोबतीनं लिहिलं, ‘अंबादासजी, गटातला ऐंशी टक्के मजकूर आपला आहे. इतरांनाही संधी द्यावी. हणमंत अजून बोललेले नाहीत.’

अंबादासांचा पारा चढला. “आधी बोल म्हणतो, मग गप्प बस म्हणतो! हा नक्की जॉइंट सेक्रेटरी आहे.” पण हणमंताची गोष्ट खरी होती. सोबतीनं त्याला नऊ वेळा विचारून पाहिलं होतं. दुपारी सुरुचीकडून पत्ता मिळवून, चिवड्याचा डबा घेऊन अंबादास मेट्रोनं थेट त्याच्या मुखर्जी नगरच्या खोलीवर पोचले.

“जयभीम. मी अंबादास. तुझ्या गटातला.”

हणमंत गडबडून उभा राहिला. “काका, तुम्ही कशाला त्रास घेतला?”

“तू उत्तर का देत नाहीस त्याला?”

“त्याला मी म्यूट केलंय.” हणमंतानं मान खाली घातली. “आता तुम्हाला कसं म्यूट करू?”

चिवडा अर्धा झाल्यावर खरं कारण बाहेर आलं. सुरुचीसारखं फाडफाड लिहिता येत नाही, शुद्धलेखन चुकतं, लोक हसतील, ही त्याला भीती.

“अरे, ती रसदीला राशन म्हणते. तुला कोण हसणार?”

हणमंत हसला, मांडी घालून बसला आणि बोलायला लागला. त्याचा चुलता वैरणीचा ट्रक चालवायचा. हजारो बैल-घोड्यांना वैरण किती लागते, ती थंडीत कुठून आणायची, याचा हिशेब हणमंतानं तोंडी मांडला. अंबादास ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे सगळं लिही. मी मध्ये बोलणार नाही.” त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, आणि हणमंतानं चुकत, खोडत लिहिलं.

तिघांच्या निबंधाला चांगला शेरा मिळाला. आपलं टपाल दोन परिच्छेदांतच आटोपलं याबद्दल अंबादासांनी लेखी नाराजी नोंदवली, आणि तिला पाच कारणं जोडली.