दावणीची इटालियन

जयसिंगला गाडी विकायची होती. एवढी एकच इच्छा माणसात शिल्लक राहिली होती. दुसरी कुठली इच्छा धरायला अंगात जोरच उरला नव्हता.

हिंजवडीच्या पल्याड, कंपन्यांच्या काचा संपून उकिरडे चालू होतात तिथं त्याचं घर. रानाच्या जागी आता आयटीवाल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. बिल्डिंगच्या बुडाशी जुना गोठा तेवढा तसाच राहिलेला. त्यात गव्हाण, खुंटा आणि खुंट्याला साखळीनं बांधलेली लालभडक इटालियन मोटरसायकल. साखळी चोराच्या भ्यानं नव्हती. चोर आला असता तर जयसिंगनं त्याला चहा पाजून धक्का मारायला माणसं बोलावली असती. साखळी होती बापूरावांच्या हट्टापायी. बापूराव म्हणजे जयसिंगचा बाप. दावणीला जे आलं ते मोकळं ठेवायचं नाही, असं म्हाताऱ्याचं म्हणणं.

गाडी घरात आली तीच मुळात बैलासारखी.

ह्या घरात आज्या-पणज्यापासून शर्यतीचे बैल. शेवटची जोडी गेली आणि जयसिंगचे हात रिकामे झाले. भाडेकऱ्यांचा नळ गळतोय, मोटर जळालीय, हे काय गड्याचं काम हाय? असा रिकामा माणूस एकदा कोथरूडला साडूकडं गेला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला ती दिसली. तोंडावर चादर होती, पण मागचं अंग उघडं होतं. जयसिंग जागीच थांबला. बैल तरी आमच्यात पहिला मागनंच बघतात.

गाडीचे मालक बाळ सहस्रबुद्धे, बँकेतनं रिटायर झालेले. त्यांच्या पोरानं हौसेनं घेतलेली आणि परदेशी जाताना बापाच्या गळ्यात टाकलेली.

"काका, इकायचीय का ही?"

"पाटी लावलेली नाही, तरी विचारलंत. म्हणजे नजर चांगली आहे तुमची. बाकीचं काय ते पुढे कळेल."

बाळकाकांनी लपवलं काहीच नाही. "हे बघा, ही तापते. सिग्नलला बंद पडते. दमट हवेत चालू होत नाही. पार्ट मिळत नाहीत आणि मिळाले तर बसवणारा मिळत नाही. मी तुम्हाला फसवत नाहीये. ते काम ती करेल."

मग त्यांनी बटण दाबलं. गाडी नुसती खोकली. वॉचमनची हौस म्हणून त्यानं दाबलं, तर तिनं नळीतनं असा बार काढला की बिचारा टोपी टाकून मागं सरला. मग जयसिंग बसला. टाकीवरनं हात फिरवला, जरासा वाकला, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि बटण दाबलं. एका दमात चालू! आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

इथंच गडी चुकला. आणि ही चूक बैलवाल्या घरातलाच माणूस करू जाणे. परक्याला अंगाला हात लावू देत नाही तो बैल रगीचा, धन्याचंच तेवढं ऐकतो तो शर्यतीच्या घाटात पळणार, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. बाळकाका खोडी सांगत होते आणि जयसिंग त्या गुण म्हणून ऐकत होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून बाळकाकांच्या हातावर टाकला आणि खालनं त्यांची बोटं धरली.

"अहो, हे काय करताय?" बाळकाकांनी हात ओढला.

"भाव करतोय. बैलबाजारात टॉवेलाखाली बोटांवरच करत्यात."

"मग तोंडाने सांगा. कान शाबूत आहेत माझे."

घरी आणली तेव्हा मंदाकिनीनं, म्हणजे जयसिंगच्या बायकोनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "आवं, हिच्यावर मी बसायची कुठं?" मागं सीटच नव्हती. त्या दिवसापासून ती त्या गाडीकडं सवतीसारखी बघत आली.

पहिले काही दिवस जयसिंग हवेत होता. मग ती तापायला लागली. ह्या गाडीला पळायला पायजे आणि हिंजवडीत तर मुंगी पुढं सरकत नाही. कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अडकली की मांड्या भाजायच्या, मीटरच्या काचेवर लाल दिवा लागायचा आणि भर पुलावर मॅडम गप्प. मागनं हॉर्न. कुणी उतरून धक्का मारायचा नाही, फोटो मात्र सगळे काढायचे. खडकवासल्याला हौसेनं नेली, तर येताना ती टेंपोत झेंडूच्या क्रेटांशेजारी आडवी आणि जयसिंग तिला धरून हौद्यात उभा. पेठेतला मिस्त्री दर खेपेला म्हणायचा, "पार्ट मागवलाय." पार्ट समुद्रावरनं यायचा. तो येईस्तोवर दुसरंच काहीतरी जायचं. जयसिंगची झोप गेली. जेवता जेवता त्याचा कान गोठ्याकडं लागलेला असायचा. बैल आजारी पडला तर निदान डोळ्यांनी सांगतो, हिचं काय दुखतंय ते तिलाच ठाऊक.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते घरातच. वरच्या खोलीतला भाडेकरू अभिनव, नागपूरकडचा पोरगा, कंपनीत कामाला. खोडी सगळ्या डोळ्यांनी बघितलेल्या, तरी भुललेला.

"दादा, मी सांभाळतो ना हिला. विकेंडला हळूहळू रिस्टोअर करतो. सीरियसली."

"बघ बाबा. मागनं माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."

बापूरावांना विचारलं, तर म्हातारा तंबाखू मळत एवढंच बोलला, "पोळा हू दे. मग काय ते बघ." पोळ्याच्या संध्याकाळी अभिनवनं गाडी न्यायची असं ठरलं. जयसिंग त्या रात्री घोरला, असं मंदाकिनी सांगते.

पोळ्याला गावात पहिला बैल बापूरावांच्या घरचा. मिरवणुकीत पुढं चालायचा मान त्यांचा. बैल गेल्यापासून ते जयसिंगच्या चुलतभावाच्या, रामदासच्या, गोठ्यातला बैल मागून नेत आणि मान राखत. औंदा रामदासनं दिला नाही. "माझा बैल माझ्या नावानं फुडं जाईल की. तुमच्या दावणीला हायेच काय?" असं तो चारचौघांत बोलला.

म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. बापूरावांनी वाटी घेतली, गोठ्यात गेले आणि इटालियन हँडल मुठीपासून मुठीपर्यंत चोळून काढलं.

"आबा, आवं रंग जाईल तिचा!" जयसिंग बापाला म्हणाला.

"दावणीला जे हाय, ते फुडं जाईल."

जयसिंग वाद घालू शकला असता. पण उद्या गाडी जाणारच होती. एक दिवस म्हाताऱ्याच्या मनासारखं होऊ दे म्हणून तो गप्प बसला. दमलेला माणूस असाच गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी हेडलाइटवर बाशिंग, टाकीवर झूल, आरशांना गोंडे आणि हँडलाला नवी वेसण. वेसणीचं टोक बापूरावांच्या हातात. गाडी चालू झाली, आणि हलगीही ऐकू येईना असा आवाज करून वेशीतनं निघाली. पोरं नाचली. माणसं हसली, पण बाजूला सरली. जयसिंग वर बसून पायानं रेटत, बापाच्या पावलानं गाडी चालवत होता. म्हाताऱ्याचं पाऊल ते केवढं! अर्ध्या वाटेत मांड्यांना चटके बसायला लागले. लाल दिवा लागला. मारुतीचं देऊळ समोर दिसत असताना ती खोकली आणि बसली.

बटण दाबलं. काही नाही. टाकीवर हात फिरवला, वाकून बोलला. काही नाही.

मागं रामदास सजवलेला बैल घेऊन उभाच होता. तो जवळ आला आणि जरा हळूच बोलला. त्यात टोमणा होता, पण तेवढाच नव्हता. "दादा, घे बाजूला. का जीव काढतो? मारुतीपातुर नेलीस तर मानाची ठरती ती. मानाचं जनावर म्हातारा इकू देईल व्हय तुला? वरसाच्या वरसाला हीच हुबी ऱ्हाईल दारात."

जयसिंगनं ऐकलं. खरं होतं ते. नुसती गाडी उजव्या अंगाला घ्यायची. मान रामदासकडं, गाडी अभिनवकडं, आणि आपण खाटेवर. इतकं सोपं काम गेल्या कित्येक दिवसांत त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढं वेसण ताणलेली होती. बापूराव मागं वळून बघत नव्हते. चप्पल निसटलेली, टाच मातीत रोवलेली, सगळं अंग वाकवून म्हातारा ओढत होता. बसलेल्या बैलाला बोलतात तसं तोंडानं "हुर्र, हुर्र" चाललेलं. लोखंड तसूभर हलत नव्हतं, आणि तरी तो सोडत नव्हता.

"आयला," जयसिंग म्हणाला आणि खाली उतरला. त्यानं सीटखाली खांदा लावला.

जड होती. बैलापेक्षा जड, आणि तापलेली. मागं हलगी थांबली, मग परत वाजायला लागली. रामदासनं आपला बैल आवरून धरला, पुढं काढला नाही. जयसिंगच्या कानात स्वतःचाच श्वास वाजत होता, आणि आपण काय ढकलतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

गाडी मारुतीला टेकवून घरी आले तेव्हा दारात मंदाकिनी ताट घेऊन उभी आणि तिच्यामागं नवं हेल्मेट काखेत धरून अभिनव. मंदाकिनीनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग गाडीला ओवाळलं. पुरणपोळी कुठं ठेवावी ते कळेना, तेव्हा टाकीवर ठेवली.

"दादा, मग? घेऊन जाऊ?" अभिनवनं विचारलं.

बापूराव उंबऱ्यावर बसले होते, दम लागलेला. त्यांनी मान सुद्धा वर केली नाही. बोलायचं काम त्यांनी पोरावर सोडलं होतं.

"न्हाई रं," जयसिंग म्हणाला. "आता ऱ्हायलं ते."

"अरे, पण का? आपलं ठरलं होतं ना!"

"ठरलं व्हतं. तू जेवायला बस."

मंदाकिनीनं आणखी एक पाट मांडला, जरा आपटूनच.

जयसिंगनं गाडी गोठ्यात लावली. झूल काढली, गोंडे काढले, साखळी खुंट्याला अडकवली. इंजिन आता निवलं होतं. अंगठा बटणाजवळ गेला आणि तिथनंच माघारी आला. आत्ता चालू झाली असती, तर ते त्याला सोसलं नसतं.