खुंटीवरचं दावं

दुष्काळात चारा संपला तेव्हा वडिलांनी आमची शेवटची गाय जालन्याच्या पांजरपोळात नेऊन सोडली. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिलाच; येताजाता तिला बघायचो.

तिथला राखणदार मान वर न करताच बोलायचा. गाय मागायला आलेल्याला म्हणायचा, "आधी कडबा दाखवा, मंग गाय." कडबा कुणाकडंच नव्हता. गुरं मरत, तो त्यांची दावी खुंटीला टांगून ठेवी.

एकदा बदनापूरची एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आली. त्यानं आमची गाय तिला दिली, दावं मात्र काढून माझ्या हातात ठेवलं.

"कालेजवाले, गाय देताना दावं देत न्हाईत. घरी न्या. दावणीला पुन्हा गाय येती."

दावं आमच्या खुंटीवरच राहिलं. गाय आली नाही. पण आमची गाय बदनापूरला जगली.